काकवी घातलेली चॉकलेट चिप कुकी

आधीच सांगून टाकतो: खुसखुशीत बिस्किटांची कृती शोधत आला असाल तर इथे वेळ घालवू नका. नानकटाई आहे, पुण्याच्या कयानीची श्रूजबेरी आहे, कोपऱ्यावरच्या बेकरीतली खारी आहे. ते सगळं मलाही आवडतं. पण इथली कुकी वेगळी. कडेला जराशी कुरकुरीत, मध्ये मऊ, तोडायला गेलं तर पटकन मोडत नाही, आधी वाकते. दाताखाली थोडी ओढ लागते. आमच्या आईने पहिला घास घेतला आणि निकाल दिला, "कच्चं र्‍हायलंय रं. परत आत ठीव. मी आपला खारीच खातो." तिचं मत आजही तेच आहे. घरातल्या बाकीच्यांचं तसं नाही, त्यामुळे ओटीजी, म्हणजे घरातला छोटा विजेचा ओव्हन, चालू राहतो.

माझं कोल्हापुरात राजारामपुरीत मिक्सर, इस्त्री, गीझर दुरुस्तीचं दुकान आहे. बेकिंगचा कोर्स वगैरे काही केलेला नाही. दुरुस्तीला आलेला एक ओटीजी मालकाने नेलाच नाही, "ठेवा तुम्हालाच" म्हणाला, तिथून हा नाद लागला. लेकीला तेव्हा अमेरिकन पद्धतीच्या च्युई कुकीचं वेड होतं, आणि बाजारात एका कुकीला जे पैसे मोजावे लागत होते ते बघून मी म्हटलं, घरी बघू.

इंटरनेटवर या कुकीबद्दल ज्याला जे सुचेल ते लिहिलेलं आहे. कुणी म्हणतं कॉर्नफ्लोअर घाला, कुणी म्हणतं जादा अंडं घाला, कुणी ट्रे ओट्यावर आपटायला सांगतं. यातल्या बऱ्याच गोष्टींनी थोडाथोडा फरक पडतो. पण माझं मत विचाराल तर कुकी मऊ राहणार की कडक होणार हे मुख्यतः दोन गोष्टी ठरवतात. एक साखर कुठली, आणि दोन, ती ओव्हनमधून बाहेर कधी काढली.

साखरेचं आधी बघू. आपली नेहमीची पांढरी साखर ओव्हनमध्ये विरघळते आणि कुकी गार होताना पुन्हा तिचे स्फटिक होतात. स्फटिक झाले की कुकी ताठ, कडक. याउलट ग्लुकोज आणि फ्रुक्टोज या साखरा सहजासहजी स्फटिक होत नाहीत. त्या पाकासारख्या राहतात आणि पाणी धरून ठेवतात, फ्रुक्टोज तर हवेतलंही पाणी ओढून घेतं. अमेरिकन कृतीत जी ब्राऊन शुगर असते ती म्हणजे पांढऱ्या साखरेत मळी, म्हणजे उसाच्या रसातून साखर काढल्यावर उरणारा काळा पाक, मिसळलेली. त्या मळीत या दोन्ही साखरा असतात, पाणी असतं आणि थोडा आंबटपणाही असतो, जो खायच्या सोड्याला जागं करतो. म्हणून ती कुकी मऊ.

हे नुसतं घरगुती शहाणपण नाही, यावरून कोर्टकचेऱ्या झालेल्या आहेत. १९८०च्या दशकात प्रॉक्टर अँड गॅम्बलने (हो, तीच, टाइड आणि एरियलवाली) अमेरिकेत डंकन हाइन्स या नावाने पाकीटबंद कुकी बाजारात आणली. बाहेरून कुरकुरीत, आतून मऊ, आणि दुकानाच्या फळीवर पडून राहिली तरी तशीच. युक्ती अशी की त्यात पीठं दोन होती. बाहेरच्या पिठात सहज स्फटिक होणारी साखर, आतल्या पिठात स्फटिक न होणारी. त्याचं त्यांनी पेटंट घेतलं. मग नाबिस्को, कीबलर आणि फ्रिटो-ले या तिघांच्याही तसल्याच कुकी आल्या, आणि १९८४ मध्ये प्रॉक्टर अँड गॅम्बल कोर्टात गेली. १९८९ मध्ये त्या तीन कंपन्यांनी मिळून साडेबारा कोटी डॉलर मोजले तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. साडेबारा कोटी डॉलर, बिस्किटाच्या मऊपणासाठी! हे वाचल्यावर मी कॉर्नफ्लोअरचा विषय सोडून दिला आणि साखरेच्या मागे लागलो.

आता अडचण अशी की इथे ब्राऊन शुगर म्हणून पाकिटात जे मिळतं ते बरेचदा मोठ्या दाण्याची, कोरडी, पिवळसर साखर असते. रंग आहे, ओल नाही. ओळखायची सोपी खूण आहे: मुठीत घट्ट दाबायची. वाळूच्या किल्ल्यासारखी मूठ उमटली तर खरी. पसरली तर कॉफीत घाला, कुकीसाठी तिचा काही उपयोग नाही.

पण कोल्हापुरात बसून मळीवाली साखर शोधत हिंडायचं म्हणजे कमालच. आमच्याकडे काकवी आहे. माझ्या मेहुण्याचं कागल तालुक्यात गुऱ्हाळ आहे. काहिलीत उसाचा रस आटत आला की गूळ साधारण ११८ अंशाला उतरवतात आणि काकवी त्याच्या बरीच आधी, १०५-१०६ ला. अर्थात त्यांचा गुळव्या काही थर्मामीटर घेऊन बसत नाही. फेसाचा रंग बघतो, पाण्यात थेंब टाकून बोटांनी गोळी वळते का बघतो, आणि हाक मारतो. काकवी लवकर काढल्यामुळे तिच्यात पाणी जास्त राहतं. शिवाय बाटलीत तळाला साखर बसू नये म्हणून तिच्यात किंचित सायट्रिक अ‍ॅसिड घालायची पद्धत आहे. आंबटाने थोड्या साखरेचं ग्लुकोज-फ्रुक्टोज होतं आणि काकवी पातळ राहते. म्हणजे कुकीला जे जे लागतं ते सगळं एका बाटलीत आलं. वर तो वास! मळीला एक कडवट झाक असते, काकवीला नाही.

मेहुण्याला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "दाजी, काकवी चपातीसंगं खायची सोडून बिस्किटात घालताय व्हय?" आता हंगाम सुरू झाला की स्वतःच कॅन घेऊन येतो आणि जाताना डबा भरून नेतो.

गूळ किसून घातला तर चालेल का, असं बऱ्याच जणांना वाटतं. चालतं, पण मला नाही आवडत. किसलेला गूळ नीट विरघळत नाही, त्याच्या बारीक गुठळ्या राहतात आणि त्या तळाला लागून करपतात. शिवाय सगळ्या साखरेच्या जागी गूळ घातला की चव गूळपापडीकडे झुकते. गूळपापडी छानच लागते, पण मग चॉकलेट कशाला वाया घालवायचं?

माप सांगतो. सगळं वजनकाट्यावर. वाटीचमच्याने केलं तर मैदा दाबून भरला की हलका भरला यावर कुकी बदलते. साधा डिजिटल काटा घ्या, तो पोह्या-चिवड्यालाही उपयोगी पडतो. दीडशे ग्रॅम बटर, २२० ग्रॅम साखर, ४० ग्रॅम काकवी, एक अख्खं अंडं आणि वर एक नुसता पिवळा बलक, २४० ग्रॅम मैदा, खायचा सोडा अर्धा छोटा चमचा सपाट, आणि २०० ग्रॅम डार्क चॉकलेट. व्हॅनिला असेल तर एक चमचा, नसेल तर अडत नाही. मी नेहमीचं अमूलचं खारं बटर वापरतो. दीडशे ग्रॅममध्ये तीनेक ग्रॅम मीठ आधीच असतं, त्यामुळे वेगळं मीठ घालायचं नाही. एवढ्यात पंचेचाळीस ग्रॅमच्या वीसेक कुकी होतात.

बटर वितळवून घ्यायचं. साखरेबरोबर पांढरं होईपर्यंत फेसायचं नाही, ते केकसाठी ठीक आहे. फेसलं की हवा भरते, हवा भरली की कुकी फुगते, आणि आपल्याला फुगलेली नको, भरीव हवी. दुसरं असं की बटरमध्ये सोळा टक्क्यांच्या आसपास पाणी असतं. घट्ट बटरमध्ये ते अडकलेलं असतं. वितळलं की ते सुटं होतं, मैद्याला मिळतं, आणि मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे कणकेला चिवटपणा देणारं प्रथिन, थोडं बांधलं जातं. दाताला जी ओढ जाणवते त्यात याचाही वाटा आहे. गॅस बारीक ठेवा. बटर तडतडायला लागलं म्हणजे पाणी उडतंय. काहींना तांबूस झालेल्या बटरचा बेरीच्या तुपासारखा वास आवडतो, मलाही आवडतो. तसं केलंत तर नंतर दोन-तीन चमचे दूध घालून गेलेलं पाणी भरून काढा.

बटर कोमट झालं की त्यात साखर आणि काकवी. मग अंडं आणि बलक. इथे हात आखडता घेऊ नका. व्हिस्कने हलवा, दोन-तीन मिनिटं थांबा, पुन्हा हलवा, असं तीन-चारदा. साखर थोडी थोडी विरघळत जाते आणि मिश्रण खरखरीत, तेलकट दिसायचं थांबून चकचकीत होतं, व्हिस्क उचलला की रिबिनीसारखं पडतं. कुकीच्या वरच्या बाजूला तो पातळ, तडकलेला पापुद्रा हवा असेल तर तो इथे कमावला जातो. पांढरा बलक एकच ठेवण्याचं कारण, त्याने कुकी फुगते आणि कोरडी पडते. पिवळ्यात स्निग्धता असते. उरलेला पांढरा सकाळच्या ऑम्लेटमध्ये. मैदा आणि सोडा चाळून घाला आणि कोरडं पीठ दिसेनासं होईपर्यंतच मिसळा.

चॉकलेट. तयार चिप्सपेक्षा स्लॅब सुरीने फोडून घ्या, हा माझा हट्ट आहे. चिप्स भट्टीत आकार टिकवून ठेवण्यासाठी बनवलेल्या असतात, त्यांत कोको बटर सहसा कमी असतं. फोडलेल्या स्लॅबचे मोठे तुकडे वितळून मध्ये तळी होतात, बारीक तुकडे पिठात विरतात, आणि सुरीखाली जो भुगा पडतो त्याने सगळ्या पिठाला बारीक ठिपके येतात. स्लॅब घेताना पाठीमागचं बारीक अक्षर वाचा. कोको बटर लिहिलं असेल तर ते खरं चॉकलेट, त्या जागी वनस्पती तेल किंवा हायड्रोजनेटेड फॅट असेल तर ते कंपाउंड. कंपाउंड स्वस्त पडतं, वाढदिवसाच्या केकवर ते ठीक आहे, पण कोको बटर तोंडाच्या उष्णतेला वितळतं आणि कंपाउंड जिभेवर मेणासारखं रेंगाळतं. कुकीत बाकी जिन्नस मोजकेच, त्यामुळे हा फरक लपत नाही.

आणि मूळ कुकीत चिप्स नव्हत्याच! मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या व्हिटमन गावी टोल हाऊस इन नावाची खानावळ-कम-हॉटेल होतं. रूथ वेकफिल्ड आणि तिच्या नवऱ्याने ते १९३० मध्ये घेतलं. तिने १९३८च्या सुमारास नेस्लेच्या चॉकलेटचा बार फोडून त्याचे तुकडे कुकीच्या पिठात घातले. चॉकलेट विरघळून एकजीव होईल असं तिला वाटलं, ते झालं नाही आणि चुकून ही कुकी जन्माला आली, अशी एक गोष्ट सगळीकडे फिरत असते. माझा तिच्यावर विश्वास नाही. बाई गृहशास्त्र शिकलेली, आहारतज्ज्ञ म्हणून काम केलेली, स्वतःचं स्वयंपाकघर चालवणारी. चॉकलेटचा तुकडा भट्टीत काय करतो हे तिला ठाऊक नव्हतं असं म्हणणं म्हणजे गुळव्याला पाक कळत नाही म्हणण्यासारखं आहे. पुढे नेस्लेने तिची कृती पाकिटावर छापली आणि १९३९ पासून तयार चिप्स विकायला काढल्या. म्हणजे आधी बार, मग चिप्स. तिच्या कुकीच्या मूळ नावातच क्रंच होता, तेव्हा च्युईची हौस नंतरची.

पीठ मळून झालं की लगेच भाजायला घेऊ नका. गोळे करा, झाकून फ्रिजमध्ये ठेवा, निदान रात्रभर, जमलं तर पूर्ण दिवस. न्यूयॉर्क टाइम्समध्ये २००८ साली आलेल्या कृतीत तर छत्तीस तासांपर्यंत ठेवायला सांगितलं होतं आणि तेव्हापासून जगभरचे लोक ठेवायला लागले. मैदा सगळं पाणी पिऊन घेतो, पीठ घट्ट होतं, चव खोल होते आणि रंगही चांगला येतो. काकवीमुळे आपलं पीठ मुळात थोडं सैल असतं, त्यामुळे हे जास्तच गरजेचं. एप्रिल-मेमध्ये न थंड केलेले गोळे आत घातलेत तर ट्रेभर एकच कुकी मिळेल.

आता ओटीजी, म्हणजे माझं खातं. नॉब १८० वर फिरवला की आत १८० असतं हा समज काढून टाका. आत एक द्विधातूची पट्टी असते. दोन धातू एकमेकांना चिकटवलेले, तापल्यावर एक जास्त प्रसरण पावतो, पट्टी वाकते आणि संपर्क तुटतो: दिवा जातो. पण त्या क्षणी रॉड लालबुंद असतात आणि दिवा गेल्यावरही उष्णता सोडत राहतात. मी माझ्या मल्टिमीटरची तापमान मोजणारी थर्मोकपल वायर दाराच्या फटीतून आत सोडून बघितली. नॉब १८० वर असताना पहिल्यांदा दिवा गेला तरी आकडा चढतच होता, २०५ च्या पुढे गेला, मग सावकाश खाली येत १६५ ला पुन्हा दिवा लागला. पहिल्या फेरीत सगळ्यात मोठी उडी असते, पुढच्या फेऱ्यांत झोका लहान होतो. म्हणून दिवा पहिल्यांदा गेल्यावर ट्रे आत ढकलू नका. तो परत लागू द्या, पुन्हा जाऊ द्या, मगच ठेवा. आतल्या भिंतीही तोवर तापलेल्या असतात, दार उघडल्यावर सगळी उष्णता निघून जात नाही. दुकानात येणाऱ्या ओटीजींमध्ये दहा-पंधरा अंशांचा फरक सर्रास सापडतो, कुठलीही कंपनी असो. दोन-तीनशे रुपयांचं ओव्हन थर्मामीटर आत ठेवा आणि नॉबवरच्या आकड्याकडे फक्त खूण म्हणून बघा.

दोन्ही रॉड चालू, जाळी मधल्या खाचेत, पंखा असेल तर बंद. ट्रे शक्यतो अ‍ॅल्युमिनियमचा, चकचकीत. ओटीजीबरोबर येणारा काळा ट्रे खालच्या रॉडची धग पटकन शोषतो आणि तळ करपवतो. तोच वापरायचा असेल तर बटर पेपर दुहेरी घाला. गोळ्यांमध्ये चांगलं चार बोटं अंतर ठेवा.

साधारण दहा ते बारा मिनिटं. पण घड्याळापेक्षा डोळे वापरा. आधी गोळा खचतो, मग पसरतो, कडा वर येते आणि सोनेरी व्हायला लागते. मधला भाग ओलसर, चमकदार, हलवला तर थरथरणारा दिसत असतानाच ट्रे बाहेर. अगदी त्याच वेळी मन म्हणतं, अजून दोन मिनिटं ठेवू. ती दोन मिनिटं म्हणजे च्युई आणि कडक यांच्यातला सगळा फरक. ट्रे ओट्यावर तसाच दहा मिनिटं राहू द्या, कुकीला हात लावू नका. गरम ट्रेवर ती आतून शिजत राहते, मधला भाग बसतो आणि वर त्या भेगा पडतात. ट्रे आपटायची हौस असेल तर आत्ता एकदा आपटा, भेगा जास्त सुंदर दिसतात, बाकी चवीला काही होत नाही. गरम असताना उचललीत तर मधून फाटेल. घरातली मुलं तेवढी थांबत नाहीत, तो भाग माझ्या हातात नाही.

पूर्ण गार झाल्यावर हवाबंद डब्यात. आमच्या लेकीच्या होस्टेलच्या डब्यात मी ब्रेडची एक स्लाइस टाकून देतो. पाव कडक होतो, कुकी मऊ राहते, कारण कुकीतली साखर पावातलं पाणी ओढून घेते. चार-पाच दिवस काही होत नाही. पावसाळ्यात स्लाइस नको, आमच्या कोल्हापूरच्या हवेतच पुरेसं पाणी असतं.

वीस कुकी एकदम भाजायची गरज नाही. सहा भाजा, बाकीचे गोळे फ्रीजरमध्ये. ताटलीत सुटे ठेवून आधी गोठवायचे, मग पिशवीत भरायचे, म्हणजे चिकटत नाहीत. महिनाभर टिकतात. भाजताना वितळवायचे नाहीत, तसेच आत, मिनिट-दोन मिनिटं जास्त.

बिनअंड्याचं विचारणारे बरेच असतात आणि श्रावणात आमच्या घरीही तसंच चालतं. अंडं आणि बलक या दोन्हींच्या ऐवजी चार मोठे चमचे दूध आणि एक चमचा मिल्क पावडर. दही घालायला सांगतात, पण दह्याने कुकी केकसारखी होते. दुधाच्या कुकीचा वरचा पापुद्रा तितका तडकत नाही, ओढ मात्र काकवीमुळे राहते.

एअर फ्रायरमध्ये होतात, पण त्याचा पंखा बंद करता येत नाही आणि वरचा भाग लवकर सुकतो. १६० अंशाला, दोन-दोन कुकी, आणि आठव्या मिनिटापासून बघायला लागा. जाळीवर बटर पेपर घालाल तेव्हा तो कुकीच्या वजनाने दाबलेला असू द्या, मोकळा राहिला तर पंख्याने उडून वरच्या कॉइलला चिकटतो, आणि मग तो फ्रायर माझ्या दुकानात येतो.